दोन रंगांची जीप आणि दोन वूफर

कोण्या एका काळची ही गोष्ट आहे. तो काळ नेमका कोणता हे विचारू नका. तेव्हा डोंगरात जीपगाड्या धावत होत्या, एवढे मात्र नक्की.

डोंगराच्या कुशीत एक गाव होते आणि त्या गावात दोन भाऊ राहत होते. दोघांची मिळून एक जुनी जीप होती. सकाळी ती थोरला चालवी, दुपारी धाकटा. गावातली माणसे बाजारगावाला न्यायची आणि परत आणायची, हे त्यांचे काम.

एकदा जीपला रंग द्यायची वेळ आली. थोरला म्हणाला हिरवा, धाकटा म्हणाला निळा. कोणीच मागे हटेना. शेवटी जीपची उजवी बाजू हिरवी झाली आणि डावी निळी. रस्त्याच्या कडेचा चहावाला तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगू लागला, "निळी दिसली तर गाडी चालली. हिरवी दिसली तर परत आली."

त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलणे भागच पडले, तर थोरल्याच्या मुलीला मध्ये घेत. तिचे नाव बकुळा.

"बकुळे, तुझ्या काकाला सांग, मागच्या टायरात हवा कमी आहे."

"बकुळे, तुझ्या बाबांना सांग, मलाही डोळे आहेत."

गंमत अशी, की बकुळेला जन्मापासून ऐकू येत नव्हते.

तिला हाक मारायची, तर ओसरीच्या लाकडी फळ्यांवर पाय आपटावा लागे. एकदा आपटला तर बाबा, दोनदा आपटला तर काका. फळ्या तिच्या तळपायांखाली थरथरत आणि ती हसत मागे वळे.

त्या वर्षीच्या जत्रेत बकुळेने ढोलाला तळहात लावला होता. ठोका हातातून खांद्यात गेला आणि खांद्यातून छातीत. ती अशी काही हसली, की ढोलवाला वाजवायचाच थांबला. त्यानंतर कितीतरी दिवस ती छातीवर हात ठेवून खुणेने विचारत राहिली, "ते परत कधी?"

जत्रा तर वर्षातून एकदाच येते. तेव्हा दोघा भावांनी मनाशी एकच गोष्ट ठरवली, आणि ती एकमेकांना सांगितली नाही.

थोरला सकाळी बाजारगावातल्या म्हाताऱ्या गॅरेजवाल्याकडे गेला आणि एक जुना वूफर घेऊन आला. वूफर म्हणजे परातीएवढा काळा स्पीकर. गाण्यातला खोल ठोका तो वाजवतो. हा एका लग्नाच्या गाडीतून उतरवलेला होता, आणि त्याच्या पडद्याला कापडाचे ठिगळ होते.

दुपारी धाकटा त्याच दुकानात गेला.

म्हातारा हसला. "तुझा भाऊ एक घेऊन गेला, तू दुसरा ने. आणि हा अँप्लिफायर पण ने. त्यानं ताकद दिल्याशिवाय दोन्ही मुकेच. पण जोडताना दोघं असा हं. जुन्या तारांचे रंग उडालेले असतात, उलटसुलट काही कळत नाही. एकानं तार लावायची, दुसऱ्यानं पडदा बघायचा."

"बघू," धाकटा म्हणाला. सकाळी हाच सल्ला ऐकून थोरलाही असेच म्हणाला होता.

थोरल्याने आपला वूफर हिरव्या बाजूच्या बाकाखाली बसवला. धाकट्याने आपला निळ्या बाजूच्या बाकाखाली बसवला. अँप्लिफायर मधोमध ठेवला. ज्याने त्याने आपापल्या तारा जोडल्या आणि दुसऱ्याच्या तारांकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मग बकुळेला मागच्या बाकावर बसवले आणि गाणे लावले. पुढच्या छोट्या स्पीकरांतून गाणारा गळा काढून गात होता. पण बकुळेने छातीवर हात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि मान हलवली. काही नाही.

"वाढवा जरा," बकुळेची आई अंगणातून म्हणाली.

आवाज वाढवला. गाणारा किंचाळू लागला, ठोका मात्र येईना. अँप्लिफायर तापला.

"आणखी वाढवा," आई म्हणाली. "त्याच्यावर भाकरी भाजून घेते."

थोरल्याने रागाने धाकट्याच्या वूफरची तार उपटली. त्याबरोबर धम्म करून ठोका आला! बकुळेने डोळे मोठे केले.

"बकुळे, सांग तुझ्या काकाला. त्याचं भांडं फुटकं आहे!"

धाकट्याने आपली तार परत लावली आणि थोरल्याची उपटली. पुन्हा ठोका आला.

"वहिनी, सांगा दादाला. ठिगळाचा माल कुणाचा आहे ते!"

दोन्ही एकेकटे वाजत होते, जोडीने लावले की गप्प होत होते. माझाच राहील, माझाच राहील, असे करता करता दोघेही हट्टाला पेटले. "नाही तर कुणाचाच नको!" असे म्हणत दोघांनी पाने उचलले आणि आपापला वूफर खोलायला घेतला.

बकुळेला शब्द कळले नाहीत, पण पाने दिसले. ती उडी मारून मध्ये आली आणि दोघांची मनगटे धरली.

बाकीचे सगळे ऐकत होते, तेव्हा ती बघत होती. जोडीने लावून बटण दाबले, की गाणे सुरू होण्याआधी दोन्ही पडदे एकदाच उडी मारत, आणि त्या उडीत एक बाहेर येई, तर दुसरा आत जाई. तिने दोन्ही मुठी समोर धरल्या. एक पुढे नेली, दुसरी मागे. मग दोन्ही पडद्यांकडे बोट दाखवले.

थोरल्याने दोन्ही तारा लावून बटण दाबले. धाकटा खाली वाकला. खरेच! एक वूफर हवा ढकलत होता, आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता. दोघांची ताकद एकमेकांना खाऊन टाकत होती.

"कुणाची तरी तार उलटी आहे," थोरला बकुळेकडे बघत म्हणाला.

"कुणाचीही फिरवली तरी चालेल," धाकटा आकाशाकडे बघत म्हणाला.

पण तार फिरवायला कोणीच पुढे होईना. आईने चहा दिला. धाकटा हात धुवायला गेला, तेव्हा थोरला हळूच उठला आणि त्याने आपल्या वूफरच्या तारा फिरवल्या. जाऊ दे, लहान आहे तो, असे त्याच्या मनात आले. नंतर थोरला कप ठेवायला आत गेला. तेव्हा धाकट्याने आपल्या तारा फिरवल्या. शेवटी मोठा भाऊ आहे, असे त्याच्या मनात आले.

पुन्हा बटण दाबले. बकुळेने छातीवर हात ठेवला. काही नाही.

"अरे, मी तर माझी फिरवली!" थोरला ओरडला.

"मीपण माझी फिरवली!" धाकटा ओरडला.

आईने कपाळाला हात लावला. "भांडताना तर बोलत नाहीच, आता माघार घेतानाही एकमेकांना सांगू नका!"

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदा धाकट्याला हसू आले.

"दादा," तो म्हणाला, "आता तू हात लावू नकोस. मी फिरवतो."

"फिरव," थोरला म्हणाला. "मी पडदा बघतो."

गाणे लागले. बाक थरथरला, पाण्याच्या कळशीवरचे झाकण वाजू लागले, अंगणातली कोंबडी पंख फडफडवत पळाली. आणि बकुळा झटकन मागे वळली, कुणीतरी हाक मारावी तशी. तिने खुणेने विचारले, "कोण?"

थोरल्याने धाकट्याकडे बोट दाखवले. धाकट्याने थोरल्याकडे.

बकुळा दोन बाकांच्या मध्ये खाली बसली, एक तळहात हिरव्या बाजूला, एक निळ्या बाजूला, आणि गाणे संपेपर्यंत हसत राहिली.

पुढच्या वर्षी जीपला पुन्हा रंग द्यायचा होता. दोघांनी बसून, बोलून, एकमताने ठरवले: एक बाजू हिरवी, एक निळी. कारण चहावाला हात जोडून म्हणाला होता, "एकच रंग दिलात, तर गाडी चालली की आली, हे मी लोकांना सांगू कसं?"

तात्पर्य: मनात चांगले असून भागत नाही, जोडीने करायचे काम एकमेकांशी बोलूनच करावे लागते.