मोगऱ्याच्या पायाशी

खुरपी बोलत असत, त्या काळची गोष्ट. उन्हात न्हालेल्या एका बागेत मोगरा राहत होता. त्याच्या पायाशी एक बिनफुलांची वेल जमिनीला बिलगून पार बागेतल्या हौदाच्या मागपर्यंत पसरली होती.

"हिला काढ," मोगरा खुरप्याला म्हणाला. "दोन वर्षं नुसती लोळतेय."

"दादा, अजून मुळं धरतेय," वेल पेंगुळल्या आवाजात म्हणाली.

खुरप्याने आळं लख्ख केलं. हौदामागे मात्र त्याचं पातं पोचलं नाही. तिथे वेल वीतभर उरली.

चैत्र आला. मोगऱ्याखालची माती भेगाळली, कळ्या उमलण्याआधीच करपल्या. हौदामागे वेल जांभळ्या फुलांनी भरून गेली होती आणि तिच्याखालची माती अजून ओली होती.

"इकडे येशील का गं?" मोगऱ्याने हळूच विचारलं.

"निघालेच, दादा," वेल म्हणाली. "दोन वर्षांत पोचते."