मान पाटलांचा, बोटं हौसाची

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की खोटी ठरवायला आता कुणी उरलेलं नाही. कातळवाडी आणि म्हसोली या दोन गावांना डोंगरमाथ्यावर झरा एकच. दर चैत्रात दोन्ही गावांचा एकेक माणूस तिथून भरली घागर डोक्यावर घेऊन पळत उतरायचा. जो पाणी न सांडता आधी पायथा गाठील, त्याच्या गावाला उन्हाळाभर झरा. हरलेल्या गावानं कोसभर लांबची नदी गाठायची. कातळवाडी इतकी वर्षं हरत आली होती, की तिथल्या पोरी पाळण्यातच नदीची वाट शिकत, असं म्हणतात.

त्या साली शेळ्या राखणारी हौसा उभी राहिली. सगळा डोंगर तिच्या पायाखालचा. पाटील इतके खूश झाले, की त्यांनी तिच्यासाठी शहरातून जोडे करवून आणले. चोच निमुळती, टाच उंच, वर लाल गोंडा.

"बोटं चेपतात," हौसा म्हणाली.

"अगं, पाटलाचे जोडे हायेत," सासू म्हणाली. "ते कशाला चेपतील? तुजा पायच आगाव."

हौसा निघाली. उतार लागला तशी उंच टाच तिला पुढे लोटू लागली. बोटं चोचीत कोंबली गेली, घोटा मुरगळता मुरगळता राहिला, घागरीतलं पाणी काठापर्यंत हिंदकळलं. म्हसोलीचा रावबा बघता बघता पुढे गेला. पायथ्याशी कातळवाडीच्या बायकांनी डोळे मिटून घेतले.

हौसा थांबली. घागर डोक्यावर तशीच ठेवून अलगद खाली बसली. शेजारी गवत कापणाऱ्या बाईला म्हणाली, "मावशे, विळा दे." खसाखस दोन्ही चोची उडवल्या आणि टाचा दगडावर आपटून तोडल्या.

"हौसे, माझा मान हाय त्यो!" पाटील खालून ओरडले.

"मान तुमचा, बोटं माझी!"

बोटं पसरली, तळव्याला कातळ कळला, आणि हौसा सुटली! करवंदीच्या जाळ्या अंग चोरून बाजूला झाल्या, असं म्हणतात. एक बुलबुल घागरीच्या काठावर बसून पाणी प्यायला आणि तळंच समजून आंघोळही करून गेला. शेवटच्या वळणावर रावबा पायाचे फोड कुरवाळत बसला होता. म्हसोलीलाही पाटील होताच.

त्या उन्हाळ्यात कातळवाडीच्या बायका नदीकडे फिरकल्या नाहीत.

आता घरोघरी नळ आहेत. तरीही कातळवाडीत लग्नाआधी नवरदेव नवे जोडे घालून, डोक्यावर भरली घागर घेऊन, हौसाच्या नावानं तो उतार उतरतो. पाणी सांडलं तर जोडे परत पाठवतात. नवरदेव ठेवून घेतात.