शिंपिणीचं डोकं

"हिचं डोकं आपल्यासारखं नाहीच मुळी! फोडून बघा!" कावळा ओरडत होता. पाखरांच्या पंचायती झाडावर भरत, तेव्हाची ही गोष्ट. शिंपीण नावाच्या इवल्या पाखरानं दोन पानं कापसाच्या धाग्यानं शिवून घरटं केलं होतं. आत तिची अंडी होती.

साळुंकी म्हणाली, "फोडू नका बाई, पण हाकला हिला. माझी पोरं चारा सोडून हिची शिवण बघत बसतात. हे वेड पसरायचं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शिंपीण घरट्याच्या तोंडाशी पंख पसरून उभी राहिली. ती एवढंच बोलली आणि पंचायत उठली:

"डोकं तुमच्यासारखंच आहे रे मेल्यांनो, पण पोट भरलं की तुम्ही डोळे मिटता, आणि मी पान कुठं दुमडतं ते बघत बसते."