राजेसाहेब पाटावर बसले

सोनखारच्या राजेसाहेबांनी राज्यात प्रश्न विचारायला बंदी घातली. कारण त्यांच्या राजकुमाराने भर दरबारात एक प्रश्न विचारला होता.

"आबासाहेब, तुमचा विनोद संपायच्या आधीच सगळे का हसतात?"

दिवाणजींचं हसू ओठांवरच वाळलं. राजेसाहेब लालबुंद झाले.

"हे कुठे शिकलास?"

"हसाजी तेल्याच्या पडवीत."

हसाजी बेने इस्राएल या यहुदी समाजातला. शनिवारी त्याचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्याला शनवारतेली म्हणे. त्या दिवशी तो पडवीत मुलं जमवून पूर्वजांच्या गोष्टी सांगे. त्याचा नियम एकच होता: प्रश्न विचारल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. उत्तर येत नसलं, तर तो डोकं खाजवून म्हणे, "मला ठाऊक नाही बुवा. शोधून सांगतो." राजकुमाराने हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं, म्हणून तो पडवी सोडायला तयार नसे.

संध्याकाळी दवंडी पिटली गेली. "या राज्यात जो कोणी प्रश्न विचारेल, त्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते जप्त होईल हो!"

कोळ्याने वाऱ्याचा रोख विचारला, त्याचं जाळं गेलं. राजवाड्यातल्या न्हाव्याने "कल्ले ठेवू का?" असं विचारलं, त्याचा वस्तरा गेला. दुसऱ्या न्हाव्याने काही विचारलं नाही. राजेसाहेबांचे कल्ले गेले.

अशात हसाजी दरबारात आला.

"सरकार, उद्या आमचा पेसाहचा सण. आमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, ते कसे सुटले ती गोष्ट उद्या लेकरांना सांगायची असते. पण कोणी विचारल्याशिवाय ती सांगता येत नाही. माझा धाकटा अबा विचारील. तेवढी मोकळीक द्या."

राजेसाहेबांनी उघड्या गालावरून हात फिरवला.

"मोकळीक नाही. मी स्वतः येऊन बसतो. तुझ्या घरातल्या कोणी प्रश्न विचारला, तर घाणा उचलून नेईन. आणि सण रीतीप्रमाणे झाला नाही, तर तुझी शिकवण खोटी. पडवी बंद!"

हसाजी घरी येऊन घाण्याला टेकून बसला. त्याची मुलगी मिलका खोबरं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मला एक गोष्ट कळली तर बरं होईल. घरात लेकरू नसलं, तर कोण विचारतं ते."

"बायको विचारते. बायको नसली, तर माणूस स्वतःलाच विचारतो. ज्याला ठाऊक नाही त्याने विचारायचं, एवढंच महत्त्वाचं. आमचे आजोबा विचारणाऱ्याला आधी वाढायचे."

मिलका हात झटकून उठली.

"तर मग घरातले सगळे लोड काढू या. आपल्याला चार पुरतील."

"आणि राजेसाहेबांना?" असं हसाजी म्हणणार होता, पण घाण्याकडे बघून त्याने वाक्य फिरवलं. "राजेसाहेबांना बसायला काहीतरी लागेल."

"त्यांना पाट देऊ."

"अगं, चिडतील ते!"

"चिडतीलच," मिलका म्हणाली आणि लोडांचे अभ्रे धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला राजेसाहेब दिवाणजींना घेऊन आले. मिलकाने वाकून नमस्कार केला आणि पाट दाखवला. राजेसाहेब बसले. समोर बघतात तर हसाजी लोडाला टेकलेला. त्याची बायको टेकलेली. मिलका टेकलेली. चिमुरडा अबाही टेकलेला. त्याने तोंड उघडू नये म्हणून आईने त्यात एक मोठा खजूर कोंबला होता.

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. हसाजीने पाल्याचं पान मिठाच्या पाण्यात बुडवून खाल्लं. राजेसाहेबांची भुवई वर गेली. मिलकाने न फुगलेली, कडक, पातळ भाकरी मोडली. राजेसाहेबांचा गुडघा हलायला लागला. हसाजीने आता कडू पाला खजुराच्या पाकात बुडवला आणि डोळे मिटून चावला. मग मिलकाने आपला लोड जरा मागे सरकवला आणि अगदी आरामात रेलून बसली.

"अरे, हे चाललंय काय!" राजेसाहेब कडाडले. "तेली लोडाला टेकलेत आणि राजा पाटावर! का? सणासुदीला अशी वाळकी भाकरी का? चांगलंचुंगलं सोडून कडू पाला कशाला? आणि एकदा बुडवून भागलं नाही, ते दुसऱ्यांदा कशाला बुडवता?"

अबाच्या तोंडातून खजूर खाली पडला.

"ताई! माझे चारही प्रश्न यांनीच विचारले!"

हसाजी सावरून बसला.

"सांगतो, सरकार. आम्ही मिसरात गुलाम होतो. पळायची एवढी घाई, की पीठ फुगायला वेळ नव्हता. म्हणून ही भाकरी. ते दिवस कडू होते. म्हणून हा पाला. मिठाचं पाणी त्या वेळच्या आसवांचं. पाकात बुडवतो, कारण आता कडूला गोड लागलंय. आणि गुलाम उभ्याने खातो, मोकळा माणूस टेकून. आजच्या दिवशी गरिबातला गरीबही राजासारखा टेकतो."

राजेसाहेब कधी पुढे सरकून ऐकू लागले, ते त्यांनाच कळलं नाही. गोष्ट संपल्यावर मिलका उठली.

"सरकार, सण रीतीप्रमाणे झाला. आमच्या घरातल्या कोणी प्रश्न विचारला नाही. आता जप्तीचं तेवढं राहिलं."

"कसली जप्ती?"

"हा पाचवा प्रश्न. ज्याने विचारलं, त्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते जप्त, अशी दवंडी आहे. सिंहासन घाण्याशेजारी ठेवीन म्हणते. बैल शिंग लावणार नाही, एवढी काळजी घेऊ."

दिवाणजींनी भिंत धरली. राजेसाहेब मिलकाकडे बघत राहिले, आणि मग असे हसले, की पाट कुरकुरला.

"बंदी उठली! जाळं परत, वस्तरा परत. पडवीला नवी कौलं माझ्याकडून. मिलका, तुझ्यासाठी काय देऊ, माग."

"राजकुमारांना दर शनिवारी पाठवा. आणि आता विचारणाऱ्याला आधी वाढू द्या."

तिने त्यांच्या पाठीशी आपला लोड ठेवला आणि त्यांचं पान मांडलं. राजेसाहेबांनी पाला चावला, तोंड वाकडं केलं, दुसरा मागितला. मग जरा खाली वाकून हळूच म्हणाले, "माझ्या मुलाच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुला ठाऊक असेल. विनोद संपायच्या आधीच लोक का हसतात?"

"सरकार," मिलका म्हणाली, "संपल्यावर हसू येईलच, याची त्यांना खात्री नसते."

राजेसाहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दिवाणजीही हसले, पण आज पहिल्यांदाच वाक्य पुरतं संपल्यावर.