कमानीसाठी नेलेला पूल

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्याच्या टोकाला नदी होती आणि नदीवर लोखंडी पूल होता. दोन्ही काठांच्या लोहारांनी लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांत गुंफून तो उभा केला होता. त्यावरून बैलगाड्या जात, वराती जात आणि वेळी-अवेळी चिमाक्का सुईण जाई. दोन्हीकडची निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती.

एकदा राजाने लढाई जिंकली. राजधानीत विजयाची कमान हवी, असं त्याच्या मनाने घेतलं. प्रधान पुलापाशी आला आणि म्हणाला, "एवढं चांगलं लोखंड इथे धूळ खातंय. राजधानीत शोभून दिसेल."

चिमाक्का पुलाच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"धूळ खातंय? आमच्या पायांची धूळ आहे ती! पावसाळ्यात पलीकडे एखादी बाई अडली, तर मी काय उडत जाऊ?"

"होडी पाठवू," प्रधान म्हणाला.

चिमाक्काने मागे वळून गावाकडे पाहिलं. पाटील जमिनीकडे बघत होते. लोक पुटपुटले, "राजाशी वैर कोण घेणार? जाऊ दे, आक्का."

पूल उतरवला गेला. होडी काही आली नाही.

आषाढात नदी फुगली. पलीकडच्या काठावरून हाक आली, "पाटलांची लेक अडलीय!" चिमाक्का तशीच पाण्यात शिरली. ती वाहून जात असताना लोकांनी तिला ओढून काढलं. पाणी ओसरल्यावर ती पोचली, तेव्हा बाळ रडत होतं. आई गेली होती.

चिमाक्का पाटलांना घेऊन राजधानीत गेली. राजाचा हत्ती कमानीपाशी येताच ती पुढे झाली.

"महाराज, हिच्याखालून तुम्ही एकदा जाल. हिचं लोखंड आमचा पूल होतं, त्यावरून आम्ही रोज जात होतो! तुमच्या मिरवणुकीपायी एक बाळंतीण मेली. आणि हा तिचा बाप! पूल मोडताना हा खाली बघत उभा होता!"

पाटील ढसाढसा रडू लागले. राजा हत्तीवरून उतरला. कमानीखालून तो गेला नाही. लोखंड परत आलं, पूल पुन्हा उभा राहिला.

लेकीच्या सासरी जायला आता पाटलांना पूल होता. लेक नव्हती.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: सर्वांचं हिसकावलं जात असताना जो गप्प राहतो, तोही हिसकावणाऱ्यांतलाच एक असतो.