येसाक्काची बाजू

पठारावर गाडीवाट नव्हती, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भुरकेवाडीत येसाक्का नावाची सुईण होती. गावाच्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या. आडवं आलेलं बाळ तिचा नुसता आवाज ऐकून वळायचं, असं म्हणतात.

सत्तरी उलटली आणि येसाक्काला नागीण झाली. उजव्या कुशीला, पाठीपासून पोटापर्यंत फोड उठले. महिन्याभरात ते सुकले, खपल्या पडल्या, गावानं हुश्श केलं. पण आतली आग काही जाईना. पदर लागला तरी निखारा टेकल्यागत व्हायचं. वारा लागला की सुया टोचायच्या. लोक म्हणायचे, "आक्का, आता तर काय बी दिसत न्हाई." मग तिनं सांगणंच सोडलं. पदर घासू नये म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर ती कुशीला घट्ट गुंडाळायची आणि दाराआड बसून राहायची. पठारावर वारा कधी थांबायचाच नाही.

एका सकाळी पठारापल्याडच्या धनगरवाड्यावरून बनाई धापा टाकत आली. तिची सून कालपासून अडली होती.

"येसाक्का, पोर आडवं हाय. तूच चल गं बाई!"

येसाक्का लगेच उठली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, वाऱ्याचा झोत आला आणि ती कूस धरून खालीच बसली.

"यायचंय गं मला," ती रडत म्हणाली. "पर ह्यो वारा जाळतोय. वरनं दिसत न्हाई, आत समदं पेटलंय."

बनाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. खांद्यावरचं घोंगडं काढलं, दोन्ही हातांनी ताणलं आणि वाऱ्याच्या अंगाला उभी राहिली. "चल. माझ्या आडोशानं चल."

ते पाहून घराघरातून माणसं निघाली. येसाक्काच्या हातावर जन्मलेली, आता मिशा पिकलेलीसुद्धा. घोंगडी, वाकळा, जे हाती लागलं ते धरून, पण तिच्या अंगाला लागू न देता, ती सगळी तिच्यासोबत दोन कोस चालली. कुणी सांगतं चाळीस माणसं होती, कुणी सांगतं दोनशे. ती चालती भिंत बघून वारा बुजला आणि पठारावरचं गवतसुद्धा हललं नाही, असं म्हणतात.

दिवस कलायच्या आत बनाईला नात झाली. माय-लेक दोघी सुखरूप. येसाक्का बनाईच्या झोपडीबाहेर आली आणि ताटकळलेल्या माणसांना तिनं हात जोडले.

"दुखणं हाय तसंच हाय रं लेकरांनो," ती म्हणाली. "पर आज एकटीला न्हाई दुखलं."

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. आग कधी मंदावायची, कधी भडकायची. पण बोलावणं आलं आणि येसाक्का गेली नाही, असं एकदाही झालं नाही.

आजही त्या पठारावर म्हातारं माणूस घराबाहेर पडलं, की सोबतचा आधी वारा कुठून येतो ते बघतो आणि मुकाट्यानं त्या अंगाला होतो. त्या अंगाला तिथे येसाक्काची बाजू म्हणतात. वाट अरुंद असली तर तो काट्याकुट्यातून चालतो, पण बाजू सोडत नाही.