पाटकऱ्याची लेक

फार पूर्वी, विहिरी कोरड्या आणि पाट तेवढा वाहता, अशा एका गावात एक पाटकरी राहत असे. पाटाचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, ते बघणं हे त्याचं काम. त्याला एकुलती एक लेक. पोरगी हुशार, पण बोलताना अडखळायची. लहानपणी लोक कौतुकाने हसत. ती तेरा-चौदा वर्षांची झाली, तसं तेच हसू तिला बोचू लागलं.

बापाचा जीव तिळतिळ तुटे. तिने तोंड उघडलं रे उघडलं, की हा तिचं वाक्य पुरं करून मोकळा. पाहुण्यांशी तोच बोले, बाजारात तोच बोले. त्याला वाटे, आपण पोरीचं ओझं उचलतोय. पोर मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, म-माझं सगळं तुम्हीच बोलता. मग मी ब-बोलायचं कधी?"

बाप खजील झाला. त्या दिवसापासून तो जीभ आवरायला शिकू लागला. शहाणपण काही एका रात्रीत येत नाही. पहिलं वर्षभर तो निम्म्या वेळा चुकला.

लेक सोळा वर्षांची झाली, तोवर बापाचे गुडघे थकले होते. लेकीला पाटाचंच काम हवं होतं. गावचा रिवाज असा, की नव्या पाटकऱ्याने पारावरच्या भर सभेत पाटकऱ्याची काठी हाती घेऊन बावीस शेतांच्या पाण्याच्या पाळ्या आपल्या तोंडाने सांगायच्या. घरच्या कोणी मध्ये एक शब्द जरी पुरवला, तरी काठी गेली.

लेकीने काठी घेतली. "प-पहिली पाळी म-म-म..." शब्द अडला. कोणीतरी खुदकन हसलं. नाव बापाच्या ओठांवर आलं होतं. त्याने पाराचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तो गप्प राहिला.

तेवढ्यात गावचा बडा बागायतदार उठला. "हिचं होईस्तोवर आमचा ऊस वाळायचा. पहिली पाळी माझीच धरा."

लेक त्याच्याकडे वळली. "ब-बसा, काका. माझं बोलून झ-झालेलं नाही."

तिने श्वास घेतला. "पहिली पाळी म-माळणीची, टोकाच्या तुकड्याची. मागल्या खेपेला पाणी तिथवर प-पोचलंच नाही. तुमची न-नववी."

मग अडखळत, थांबत, पण एकही न चुकता तिने बावीसच्या बावीस पाळ्या सांगितल्या. बागायतदार केव्हाच खाली बसला होता.

पाटील म्हणाले, "पाटकरी असावा तर असा. हिला कोणी घाई करू शकत नाही."

बापाच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसलीही नाही. पुढे ती जन्मभर अडखळतच बोलली, आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत अख्खं गाव थांबत असे.

तात्पर्य: ज्याला बोलायला वेळ लागतो, त्याला आपले शब्द उसने देऊ नयेत, त्याचा वेळ त्याला द्यावा.